कथानायकाचा भाऊ : शिवचरित्रकथनातील व्यंकोजीराजे आणि तुलनापात्राची घडण

इंग्रजी समीक्षेत 'फॉइल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पात्रप्रकाराला मराठीत सर्वमान्य पर्याय अद्याप रूढ झालेला नाही. मूळ शब्द जवाहिऱ्यांच्या व्यवहारातला आहे. रत्न कोंदणात बसविताना त्याचे तेज खुलावे म्हणून खाली चकचकीत पातळ पत्रा घालीत असत. पाहणाऱ्याची दृष्टी पत्र्यावर जाऊ नये, पण पत्र्यामुळे ती रत्नावर खिळावी, अशी ती योजना. कथेतही काही पात्रे हेच काम करतात. नायकाचे धैर्य ठसावे म्हणून कोणी कचरतो, त्याचे औदार्य कळावे म्हणून कोणी हात आखडता घेतो. प्रस्तुत निबंधात अशा पात्राला 'तुलनापात्र' असे म्हटले आहे. शब्द फार सुंदर आहे असा दावा नाही. अर्थ पोचविण्यापुरता तो पुरेसा आहे.

आपल्या नाट्यशास्त्रीय परंपरेत या पात्राची जागा नेमकी कोठे, हे पाहणे उद्बोधक ठरते. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायकाचे लक्षण येते. तो लोभी, उद्धत, हट्टी, पापी असतो. रामाला रावण, युधिष्ठिराला दुर्योधन, अशी उदाहरणे त्यावरील टीकेत आहेत. त्याच ग्रंथात पीठमर्दाचेही लक्षण आहे. तो नायकाचा भक्त व साहाय्यक, आणि गुणांनी त्याच्याहून किंचित उणा. प्रतिनायक विरोध करतो, पीठमर्द साथ देतो. तुलनापात्राला या दोहोंपैकी कोणत्याही एका कोठ्यात बसविता येत नाही. ते साथ देईलच असे नाही, विरोध करील असेही नाही. त्याचे काम नायकाशेजारी उभे राहून मापात कमी भरणे एवढेच. म्हणून त्याला नायकाच्या पुष्कळ जवळचे असावे लागते. वय, कूळ, शिक्षण, संधी यांत साम्य असल्याखेरीज फरक उठून दिसत नाही. या कामासाठी भावाइतके सोयीचे पात्र दुसरे नाही, हे जगातल्या कथाकारांना फार पूर्वीच उमगलेले आहे.

कल्पित कथेत या योजनेने कोणाचे बिघडत नाही. गिरीश कार्नाड यांच्या 'तुघलक' (१९६४) या कन्नड नाटकातला अझीज धोबी सुलतानाच्या प्रत्येक उदात्त फर्मानाचा आपल्या फायद्यासाठी उपयोग करून घेतो, आणि त्या आरशात सुलतानाचे आदर्श व त्यांची परवड आपल्याला दिसते. अझीज नाटककाराच्या कल्पनेतून जन्मला. त्याच्या वतीने तक्रार करणारे कोणी नाही. खरा प्रश्न उद्भवतो तो तुलनापात्र ऐतिहासिक व्यक्ती असते तेव्हा. शेक्सपिअरने 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात राजपुत्र हॅलच्या तोडीला हॉटस्पर उभा केला आणि दोघांना समवयस्क करून टाकले. इतिहासातला हॉटस्पर १३६४ चा, म्हणजे हॅलपेक्षा वीसबावीस वर्षांनी वडील; हॅलच्या बापापेक्षाही थोडा मोठाच. नाटककाराला समवयस्क हवा होता, म्हणून एका माणसाच्या आयुष्यातली दोन दशके पुसली गेली. आज इंग्रज वाचकाच्या मनातला हॉटस्पर हा तोच तरुण आहे.

मराठीत अशी घडण पाहावयाची तर बंगळूरला यावे लागते.

केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले हे शहर रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत, १६३८ च्या सुमारास आदिलशाहीच्या हाती आले आणि शहाजीराजांकडे सोपविले गेले. त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे शहाजीराजांच्या कारभाराचे ते मुख्य ठाणे होते. जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'त या दरबाराचे जे चित्र उमटले आहे ते अनेक भाषांच्या कवींनी गजबजलेले आहे. स्वतः जयराम बारा भाषांचा जाणकार म्हणून मिरवतो. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी याच परिसरात वावरले आणि पुढे कनकगिरीच्या लढाईत पडले. धाकटे शिवाजी लहानपणी काही काळ येथे राहून पुण्याला परतले. तुकाबाई मोहिते यांच्या पोटी जन्मलेले व्यंकोजी, ज्यांना दक्षिणेत एकोजी म्हणतात, ते येथेच वाढले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे निवर्तले, तेव्हा त्यांची कर्नाटकातली दौलत व्यंकोजींकडे राहिली. पुण्याची जहागीर एका भावाकडे, बंगळूरची दुसऱ्याकडे, असा तो अलिखित विभाग होता. व्यंकोजी आदिलशाहीचे सरदारच राहिले. १६७५-७६ च्या सुमारास विजापूरच्या वतीने ते तंजावरच्या नायकांच्या भांडणात उतरले आणि अखेरीस तेथे स्वतःच राजे झाले.

पुढची हकीकत परिचित आहे. व्यंकोजींशी बेबनाव होऊन रघुनाथ नारायण हणमंते शिवाजी महाराजांकडे आले. १६७७ मध्ये महाराज कुतुबशहाची भेट घेऊन दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, शेरखान लोदीचा मोड केला आणि जुलै महिन्यात कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे भावाला भेटीस बोलाविले. काही दिवस भेटीगाठी झाल्या. वडिलार्जित दौलतीतल्या वाट्याची बोलणी निघाली आणि एका रात्री व्यंकोजी थोड्या लोकांनिशी नदी पार करून तंजावरला निघून गेले. महाराजांनी कोलार, बंगळूर, होसकोट, बाळापूर, शिरे हा प्रदेश ताब्यात घेतला. महाराज माघारी फिरल्यावर, नोव्हेंबरमध्ये, व्यंकोजींनी त्यांच्या मागे राहिलेल्या फौजेवर चाल केली. आरंभी त्यांची सरशी झाली, शेवटी पराभव झाला. मग तह. अवघ्या सहासात महिन्यांचा हा प्रसंग, परंतु व्यंकोजींचे मराठी कथनातले उभे आयुष्य त्यात कोंडले गेले आहे. कोळ्ळिडमच्या काळोखात पलीकडच्या तीरावर निसटणारा एक माणूस, एवढेच त्यांचे चित्र मराठी वाचकापाशी उरले.

ही घडण प्रथम कोणी केली? बखरकारांनी, असे उत्तर सहज सुचते. ते अर्धेच बरोबर आहे. लढाईनंतर खुद्द शिवाजी महाराजांनी व्यंकोजींना जे पत्र लिहिले, त्यातच तिचा आरंभ दिसतो. मुळात ते पत्र वाटणीचे आहे. वडील जाऊन तेरा वर्षे झाली, त्यांची सारी मिळकत तुम्ही एकट्याने उपभोगिली, आमचा अर्धा हिस्सा आम्हांस मिळावयास हवा, असा त्याचा रोख आहे. दक्खनच्या कोणत्याही वतनदार घरात असा कागद सापडेल. परंतु याच पत्रात भावाची बुद्धी दुर्योधनासारखी झाली व तिच्यापायी माणसे व्यर्थ मारली गेली, असा ठपकाही आहे. एका शब्दासरशी मिळकतीचा तंटा महाभारताच्या चौकटीत जाऊन बसतो. वाटा मागणारा धर्माच्या बाजूला जातो आणि नाकारणारा प्रतिनायक ठरतो. प्रतिनायकासाठी दिलेली दोन उदाहरणे वर आलीच आहेत. त्यांतले एक पत्रलेखकाने नेमके उचलावे, यात शास्त्राचा संबंध नसेल, पण संस्काराचा निश्चितच आहे. दोघे भाऊ एकाच पुराणकथांवर वाढलेले होते, आणि दुर्योधन म्हणजे काय हे व्यंकोजींना फोड करून सांगण्याची गरज नव्हती.

यानंतरचे दुसरे पत्र सर्वस्वी वेगळे आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याचे भाषांतर दिल्यामुळे ते इंग्रजी वाचकांपर्यंतही लवकर पोचले. तहानंतर व्यंकोजी खिन्न झाले, देहाची हेळसांड करू लागले, राज्यकारभारातून त्यांचे लक्ष उडाले, अशी वार्ता रघुनाथपंतांनी कळविल्यावरून महाराजांनी ते लिहिले. मी वडील पाठीशी असता चिंता कसली, वैराग्य हे उतारवयाचे काम, आता पराक्रमाचे दिवस आहेत, सेवकांकडून काम घ्या, असा त्याचा आशय आहे. दुर्योधन येथे उरलेलाच नाही. आहे तो खचलेला धाकटा भाऊ आणि त्याला हात देणारा थोरला. पहिल्या पत्रात महाभारत होते, दुसऱ्यात रामायणाचा सूर लागला आहे, असे म्हणता येईल. मात्र एक गोष्ट दोन्ही पत्रांत समान आहे. व्यंकोजींची बाजू आपल्याला एकाही पत्रातून ऐकू येत नाही. त्यांची खिन्नतासुद्धा तिऱ्हाइताच्या पत्रातून कळते, आणि तो तिऱ्हाईत म्हणजे त्यांची चाकरी सोडून गेलेला कारभारी. खिन्नतेचे कारण पराभव होते, अपमान होता, की राज्य करूनही स्वतःच्या नावाने ओळखले न जाण्याचे दुःख होते, हे या साधनांतून ठरविता येत नाही.

कथनकलेच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम केले ते कृष्णाजी अनंत सभासदाने. त्याची बखर १६९४ च्या सुमारास जिंजीत, राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली. स्थळकाळ ध्यानात ठेवावयास हवा. जिंजीला मोगलांचा वेढा पडलेला होता, आणि अल्प अंतरावरच्या तंजावरात व्यंकोजींचे पुत्र शहाजी राज्य करीत होते. राजारामांचे ते चुलतभाऊ. वेढ्याच्या काळात त्यांच्याकडून जिंजीला मदत झालेली होती. अशा वेळी व्यंकोजींना दुर्योधन म्हणणे शहाणपणाचे झाले नसते. हा माझा तर्क आहे, सभासद तसे काही सांगत नाही. पण त्याच्या मजकुरात जो फेरफार दिसतो त्याचा उलगडा या तर्काने बराच होतो.

फेरफार असा. पत्रात महाराज दौलतीचा अर्धा हिस्सा मागतात. सभासदाच्या बखरीत ते वडिलांची बारा बिरुदे मागतात. नवी बिरुदे आपल्याला मिळविता येत नाहीत असे नव्हे, पण वडिलांची मिरवावी ही इच्छा, असा त्या मागणीचा भाव आहे. मिळकतीची जागा मानाने घेतली आणि मागणाऱ्याची पातळी एकदम उंचावली. पैसा मागणारा भाऊ आणि पित्याची खूण मागणारा भाऊ यांत श्रोत्याची सहानुभूती कोणाकडे झुकेल, हे सांगावयास नको. त्यानंतर व्यंकोजी घाबरून पळतात. महाराज संतापत नाहीत. आम्ही काय त्यांस कैद करणार होतो, धाकटेपणाला साजेसेच वागले, अशा अर्थाचे बोलून ते मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांना सन्मानाने तंजावरला पाठवितात. लढाईनंतरही भाऊच तो, त्याचे राज्य बुडवू नये, असाच त्यांचा निर्णय आहे. प्रतिनायकाचा वध व्हावा लागतो किंवा त्याला शरण तरी यावे लागते. तुलनापात्राला क्षमा केली जाते. क्षमा करणाऱ्याची उंची दिसावी म्हणून ते पात्र शेवटपर्यंत जिवंत, सुखरूप आणि लहान राहणे आवश्यक असते. सभासदाने 'धाकटेपणा' या एका गुणावर व्यंकोजींचे संपूर्ण व्यक्तिचित्र उभे केले. ते इतके पक्के बसले की नंतरच्या कोणालाही ते हलवावेसे वाटले नाही.

वास्तविक ही घटना घडली तेव्हा व्यंकोजी पोरसवदा नव्हते. तेरा वर्षे त्यांनी मोठ्या मुलुखाचा कारभार पाहिला होता. तेलुगू-तमिळ प्रदेशातल्या गुंतागुंतीच्या राजकारणातून वाट काढून ते एका संपन्न राज्याचे धनी झाले होते. त्यांची नदीपार निसटण्याची कृतीही दुसऱ्या बाजूने पाहता येते. पाँडिचेरीत असलेल्या फ्राँस्वा मार्तँ या फ्रेंच व्यापाऱ्याच्या रोजनिशीवजा आठवणींत या पलायनाची हकीकत आहे. तेथे ती एका राजाने सावधपणे करून घेतलेली सुटका म्हणून येते. धाकटेपणाचा तेथे मागमूस नाही. अफझलखान प्रसंगाला तेव्हा अठरा वर्षे होऊन गेली होती आणि आग्र्याला अकरा. भेटीस बोलावून अडकवून ठेवणे हा दक्खनच्या राजकारणातला सर्वपरिचित डाव होता. महाराज स्वतः आग्र्याहून निसटले, तेव्हा आपण त्याला चातुर्य म्हटले. व्यंकोजी तिरुमळवाडीहून निसटले, त्याला भ्याडपणा म्हटले. दोन घटना एका मापाच्या आहेत असे मला सुचवावयाचे नाही. औरंगजेब आणि सावत्र भाऊ यांत अंतर आहेच. पण कृती तीच असता तिची नावे दोन झाली, ती पात्रांच्या कथेतल्या जागेमुळे.

सभासदानंतर शंभरावर वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मल्हार रामराव चिटणीसांनी साताऱ्यास आपली बखर रचली. तोपर्यंत वेढा, राजाराम, तंजावरची मदत हे सारे विरून गेले होते. चिटणीसांच्या व त्या सुमाराच्या इतर बखरींच्या लेखनात संवाद लांबतात, उपदेश वाढतो आणि आणखी दोन पात्रांना उठाव मिळतो. एक रघुनाथपंत, दुसऱ्या व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई. पंत धन्याला स्वामिकार्य समजावून सांगतात, तो ऐकत नाही, म्हणून त्याला सोडून जातात. दीपाबाई पराभूत पतीला वडील भावाशी सलोखा करण्याचा सल्ला देतात, आणि तो तो ऐकतो. तुलनापात्रालाच आणखी तुलनापात्रे जोडण्याची ही रीत लक्षणीय आहे. घरातला कारभारी शहाणा, घरातली स्त्री शहाणी, मग मालक कसा हे वेगळे लिहावे लागत नाही. संताजी भोसले हे शहाजीराजांचेच आणखी एक पुत्र. ते व्यंकोजींच्या बाजूने निघून महाराजांना मिळाले आणि नोव्हेंबरच्या लढाईत व्यंकोजींविरुद्ध लढले. त्यांना मात्र कथाकारांनी फारसे वापरले नाही. योग्य बाजू निवडणारा सावत्र भाऊ हाताशी असूनही कथेला तो नको होता. चुकणारा एक भाऊ पुरेसा होता.

दीपाबाईंविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. तहाची म्हणून जी एकोणीस कलमे बखरींतून आली आहेत, त्यांत बंगळूर, होसकोट व शिरे हा दोन लक्ष होनांचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. जिंकलेला प्रदेश भावाला परत करणे मुत्सद्देगिरीत बसत नव्हते, भावजयीला देणे बसत होते. नात्याच्या भाषेतून राजकारण साधण्याचा हा नमुना मोठा देखणा आहे. चोळीबांगडी हा शब्द आज आपल्याला घरगुती वाटतो, परंतु त्या काळी स्त्रीच्या हक्काच्या उत्पन्नाचा तो प्रतिष्ठित प्रकार होता. या कलमाने बंगळूर शहर, निदान कागदोपत्री, एका मराठी स्त्रीच्या मालकीचे ठरले. शहराच्या इतिहासात याचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो, आणि मराठी कथनात तो येतो तोही महाराजांचे औदार्य सांगण्यासाठी. ज्या स्त्रीने दोन राज्यांत तह घडवून आणला असे म्हणतात, तिची स्वतंत्र कथा लिहावी असे कोणास वाटू नये, हे नवल आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या पात्राला तिसरे वळण लागले. शिवचरित्र आता राष्ट्राची कथा झाले होते. 'धाकटेपणा' या कौटुंबिक उणिवेच्या जागी 'परक्याची चाकरी' ही राजकीय उणीव आली. एकाच पित्याचे दोन पुत्र, एकाने स्वराज्य स्थापिले, दुसरा बादशाही सेवेत राहिला, अशी जी मांडणी शालेय पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत पसरली ती या काळातली. तिच्यातली अडचण अशी, की हाच निकष लावला तर शहाजीराजांनाही पुत्राचे तुलनापात्र व्हावे लागते, आणि काही काळ ते तसे झालेही होते. त्यांना त्या भूमिकेतून बाहेर काढले वि. का. राजवाडे यांनी. १९२२ मध्ये 'राधामाधवविलासचंपू' प्रसिद्ध करताना त्यांनी जी प्रदीर्घ प्रस्तावना जोडली, तिच्यात शहाजीराजे पुत्राच्या कार्याचा पाया घालणारे पुरुष म्हणून उभे राहतात. राजवाड्यांचे सर्वच निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. त्यांची लेखणी तापली की पुराव्याच्या पुढे धावते, हे त्यांच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे. परंतु परिणाम व्हावयाचा तो झाला. बंगळूरच्या दरबारातल्या एका चंपूने पित्याचे कथेतले स्थान बदलले. त्याच दरबारात वाढलेल्या धाकट्या पुत्राला राजवाडे लाभले नाहीत.

व्यंकोजींची कथा वेगळ्या रीतीने सांगणारे होते, पण ते महाराष्ट्रात नव्हते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. दगडावर कोरलेल्या इतक्या विस्तृत इतिहासाचे उदाहरण भारतात विरळाच. त्या भिंतीवर वंशाची मुख्य धार व्यंकोजींकडून तंजावरकडे वाहते. तेथील कथनाचा हेतू मूळ पुरुष सांगण्याचा आहे, आणि मूळ पुरुष हा कोणाचेही तुलनापात्र असू शकत नाही. चिटणीसांची बखर आणि हा शिलालेख यांत फार तर दहा वर्षांचे अंतर आहे. भाषा मराठीच, घराणेही तेच. साताऱ्याचा व्यंकोजी आणि तंजावरचा एकोजी मात्र दोन भिन्न पात्रे आहेत. रामदासी परंपरेतही समर्थांची तंजावर-भेट आणि तेथला मठ यांच्या कथांत व्यंकोजी येतात ते श्रद्धावान राजा म्हणून. त्यांच्या नावावर तेलुगू भाषेतले एक द्विपद रामायण सांगितले जाते. भावाच्या पत्रात दुर्योधन ठरलेल्या माणसाच्या नावाशी रामकथा जोडलेली असावी, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

आणखी एक गोष्ट. शिवाजी महाराजांच्या हयातीत रचला गेलेला थोर चरित्रग्रंथ म्हणजे कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत'. सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये ते संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या हाती आलेली पोथी तंजावरच्या सरस्वती महालातली होती. काव्य अपुरे आहे. त्यातली कथा तिरुमळवाडीच्या कितीतरी आधी थांबते, त्यामुळे परमानंदाने व्यंकोजींचे काय केले असते हे कळावयास मार्ग नाही. पण थोरल्या भावाचे महाकाव्य जपले गेले ते धाकट्या भावाच्या वंशजांच्या पोथीशाळेत. भाऊबंदकीची कथा रंगवून सांगणाऱ्यांनी ही बाब कथेत कोठे घ्यावी याचा विचार केलेला दिसत नाही. घेतली तर पात्राची आखणीच मोडते.

येथे एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. कथनाला निवड करावीच लागते, प्रत्येक पात्राला न्याय देत बसले तर कथा उभीच राहणार नाही, असे म्हटले जाईल. ते मान्य आहे. सभासदाच्या बखरीचा ठसठशीतपणा तिच्या निवडीत आहे, आणि व्यंकोजींची बाजू मांडण्यासाठी तिच्यात आणखी चार पाने असावयास हवी होती असे मी म्हणणार नाही. माझा मुद्दा वाचकाकडून अपेक्षित असलेल्या सावधपणाचा आहे. रावणाविषयी प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत, कारण विरोधक आपले लक्ष वेधून घेतो. त्याच्या बाजूने काव्ये आणि नाटके लिहिली गेली आहेत. तुलनापात्राविषयी प्रश्न विचारला जात नाही, कारण त्याच्याकडे पाहावयाचेच नसते, त्याच्यावरून पलीकडे पाहावयाचे असते. म्हणून प्रतिनायकापेक्षा त्याचे नुकसान अधिक टिकाऊ ठरते. यात केवळ व्यक्तीचे नुकसान आहे असेही नाही. व्यंकोजी धाकटे ठरले म्हणजे बंगळूर, कोलार, जिंजी, तंजावर येथे साडेतीन शतके नांदलेली मराठी वस्ती, तिची नाटके, तिचे ग्रंथालय, तिची कन्नड-तमिळ-तेलुगूशी मिसळलेली बोली हेही मुख्य कथेच्या परिघावर ढकलले जाते. शहाजीराजांच्या या नगरीत मराठी साहित्याचा अभ्यासक्रम आखताना महाराष्ट्राबाहेरील मराठी हा विषय अखेरच्या घटकात ठेवावयाचा आणि वेळ उरल्यास शिकवावयाचा, ही सवय त्याच दृष्टीतून आलेली आहे.

बंगळूर दीपाबाईंच्या घराण्याकडे फार दिवस राहिले नाही. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. व्यवहार तीन लाख रुपयांना झाला असे सांगतात. भोसल्यांच्या वास्तव्याची बरीच खूण पुसली गेली. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरात मात्र एक कन्नड शिलालेख आहे. मल्लापुराच्या देवासाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव एकोजींनी दिल्याची त्यात नोंद आहे. बखर, पत्र, तह या सगळ्यांच्या बाहेर, त्यांच्या स्वतःच्या आज्ञेने उमटलेला हा शब्द, आणि तोही मराठीत नाही. वर्ष १६६९. तिरुमळवाडीच्या भेटीला तेव्हा आठ वर्षांचा अवकाश होता.